युद्धमृतांचा स्मरणदिन : नावांचा आणि दायित्वाचा प्रश्न

युद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणासाठी वर्षातील एखादा दिवस राखून ठेवण्याची प्रथा आज जगातील अनेक देशांत रूढ आहे. कोठे तो दिवस शस्त्रसंधीचा असतो, कोठे विजयाचा, तर कोठे पराभवाचा. कोठे दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते, कोठे देशभर भोंगे वाजतात, तर कोठे कागदी फुले विकून निधी उभारला जातो. या दिवसांकडे सहसा भावनेच्या अंगाने पाहिले जाते व ते स्वाभाविकही आहे. परंतु स्मरण ही एक सार्वजनिक व्यवस्थासुद्धा असते. तिच्यासाठी जागा लागते, पैसा लागतो, पिढ्यानपिढ्या जपलेल्या नोंदी लागतात आणि कोणाचे स्मरण करावयाचे याचा निर्णयही करावा लागतो. म्हणूनच कोणत्याही देशाच्या स्मरणदिनाला दोन प्रश्न विचारणे योग्य ठरते. स्मरणाच्या यादीत नावे कोणाची आहेत, हा पहिला प्रश्न. दिवस मावळल्यानंतर मृतांच्या कुटुंबीयांच्या पदरात काय पडते, हा दुसरा. लखनौमधील आलमबागेपासून आरंभ करून या दोन प्रश्नांची निरनिराळ्या देशांनी कोणती उत्तरे दिली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आलमबाग : एक कबर आणि अनेक अनाम मृत

आलमबाग हा आज लखनौच्या दक्षिण भागातील, कानपूर रस्त्यावरचा गजबजलेला परिसर आहे. मोठे बसस्थानक, मेट्रो आणि बाजारपेठ ही त्याची आजची ओळख. नाव मात्र अवधचे नवाब वाजिद अली शाह यांनी आपल्या आलम आरा या बेगमेसाठी बांधलेल्या तटबंदीच्या बागेवरून आलेले आहे. २३ सप्टेंबर १८५७ रोजी हॅवलॉक आणि औट्रम यांच्या फौजेने ही बाग घेतली, जखमी सैनिक व सामानसुमान तेथे ठेवले आणि दोन दिवसांनी ती फौज वेढ्यात अडकलेल्या रेसिडेन्सीपर्यंत पोहोचली. पुढे नोव्हेंबरमध्ये सर कॉलिन कॅम्पबेल यांची फौज आली. १६ नोव्हेंबर रोजी सिकंदरबागेत घनघोर लढाई होऊन सुमारे दोन हजार हिंदी शिपाई मारले गेले. हॅवलॉक यांचा २४ नोव्हेंबर रोजी दिलखुशा येथे हगवणीने मृत्यू झाला आणि त्यांना आलमबागेत पुरण्यात आले.

रेसिडेन्सीतील स्त्रिया, मुले आणि जखमी यांना घेऊन कॅम्पबेल कानपूरकडे निघाले. त्याच सुमारास मूळचे येवल्याचे तात्या टोपे यांनी कानपुरावर चढाई केली आणि कॅम्पबेल यांना तेथेच गुंतून पडावे लागले. आलमबाग राखण्यासाठी औट्रम सुमारे चार हजारांच्या फौजेनिशी मागे राहिले. मार्च १८५८ मध्ये लखनौ इंग्रजांच्या हाती पडेपर्यंत बेगम हजरत महल यांच्या पक्षाच्या फौजांनी या ठाण्यावर वारंवार हल्ले केले. मौलवी अहमदुल्ला शाह हे त्यांतील एक प्रमुख सेनानी होते.

या लढायांतील मृतांचे पुढे काय झाले? हॅवलॉक यांच्या कबरीवर स्मारकस्तंभ उभा राहिला. १८६१ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गार चौकात त्यांचा पुतळा बसला. त्यांच्या पत्नीला आणि मुलाला ब्रिटिश पार्लमेंटने प्रत्येकी एक हजार पौंडांचे वार्षिक निवृत्तिवेतन मंजूर केले. दुसऱ्या बाजूला, सिकंदरबागेत पडलेल्या शिपायांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराने १८५८ मध्ये टिपलेल्या चित्रात त्या बागेच्या अंगणात मानवी हाडे विखुरलेली दिसतात. इतकेच नव्हे, तर इंग्रजांच्या बाजूने लढलेले शीख आणि अवधी शिपाईसुद्धा बहुतांशी पलटणीच्या नावापुरतेच उरले. एकाच रणांगणावर एका मृताला नाव, स्तंभ व निवृत्तिवेतन मिळाले आणि हजारोंना यांपैकी काहीच मिळाले नाही.

तरीही समाजाची स्मृती सरकारी दप्तरावर अवलंबून राहत नाही. सिकंदरबागेत लढताना धारातीर्थी पडलेल्या उदादेवी पासी यांचे स्मरण दरवर्षी १६ नोव्हेंबर रोजी लखनौत केले जाते. त्यांचा पुतळाही तेथे उभा आहे. गोमतीच्या काठी १८५७ च्या हुतात्म्यांचे शहीद स्मारक आहे. परस्परविरोधी अशा या दोन स्मृती किती नाजूक आहेत, हे २००७ मध्ये दिसून आले. उठावाला दीडशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ ब्रिटिश नागरिकांचा एक गट मीरत आणि लखनौ येथे आला. हॅवलॉक यांचे एक वंशजही त्यात होते. त्यांच्या भेटीविरुद्ध दोन्ही शहरांत तीव्र निदर्शने झाली. ज्या मातीत आपल्या मृतांची मोजदादही झाली नाही, तेथे परक्यांनी त्यांच्या मृतांचा सन्मान करावा, हे अनेकांना सहन झाले नाही. निदर्शनांची रीत कोणाला पटो वा न पटो, त्यामागील प्रश्न खरा होता.

स्तब्धता, फुले आणि भोंगे

आधुनिक स्मरणदिनाची घडण मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतर झाली. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता शस्त्रसंधी अमलात आली. पुढील वर्षी त्याच क्षणी ब्रिटिश साम्राज्यात दोन मिनिटे स्तब्धता पाळली गेली. या कल्पनेचे मूळ दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात युद्धकाळात रोज दुपारी पाळल्या जाणाऱ्या स्तब्धतेत होते. १९२० मध्ये त्याच दिवशी लंडन आणि पॅरिस येथे अनाम सैनिकाचा सन्मान झाला. ज्यांच्या मुलाचा देह सापडला नव्हता अशा प्रत्येक आईला ती कबर आपल्याच मुलाची मानता येत होती. ब्रिटनमध्ये आता मुख्य समारंभ नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी होतो.

खसखशीच्या लाल फुलाची गोष्ट अर्थशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. १९२१ पासून ब्रिटनमध्ये ही कृत्रिम फुले विकून माजी सैनिकांसाठी निधी जमविला जातो. १९२२ मध्ये अपंग सैनिकांना रोजगार देण्यासाठी ती फुले तयार करण्याचा कारखानाच सुरू झाला. फ्रान्समध्येही जखमी सैनिकांनी निळी फुले बनविण्यास आरंभ केला. छातीवर लावलेले फूल शोकाचे चिन्ह असते आणि त्याच वेळी एका अपंग माणसाच्या मजुरीची पावतीही असते. फ्रान्सने २०१२ च्या कायद्याने ११ नोव्हेंबर हा दिवस देशासाठी मृत्यू पावलेल्या सर्वांच्या स्मरणाचा ठरविला.

जर्मनीचा अनुभव सावध करणारा आहे. पहिल्या महायुद्धातील मृतांसाठी तेथे ‘लोकशोकदिन’ सुरू झाला. नाझी राजवटीने १९३४ मध्ये त्याचे ‘वीरस्मरणदिन’ असे नामांतर केले आणि शोकाच्या जागी युद्धाचा गौरव आणून बसविला. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत १९५२ पासून हा दिवस नोव्हेंबर महिन्यात, जुन्या नावाने पाळला जाऊ लागला आणि त्यात युद्धाबरोबरच हुकूमशाहीच्या बळींचाही समावेश करण्यात आला. बर्लिनमधील ‘नोये वाखे’ या राष्ट्रीय स्मारकात १९९३ पासून मृत मुलाला कवटाळून बसलेल्या आईचे शिल्प आहे. ते मूळ शिल्प घडविणाऱ्या केटे कोल्विट्स यांचा स्वतःचा मुलगा १९१४ मध्ये रणांगणावर पडला होता.

अमेरिकेतील स्मरणदिनाचा उगम यादवी युद्धात आहे. ३० मे १८६८ रोजी उत्तरेच्या सैनिकांच्या कबरी फुलांनी सजविण्यात आल्या. दक्षिणेतील राज्यांनी आपल्या मृतांसाठी वेगळे दिवस ठरविले आणि त्यांतील काही आजही टिकून आहेत. एकाच देशातील दोन पक्षांच्या मृतांचा शोक एका दिवसात सामावणे किती कठीण असते, हे त्यावरून कळते. १९७१ पासून हा दिवस मे महिन्यातील शेवटच्या सोमवारी येतो. त्यामुळे सलग सुट्टी मिळते आणि बाजारात सवलतींची विक्री जोरात चालते. सुट्टीत मूळ हेतू हरवत चालल्याची जाणीव झाल्यामुळे २००० मध्ये दुपारी तीन वाजता एक मिनिट थांबण्याचे आवाहन कायद्याद्वारे करावे लागले.

नेदरलँड्समध्ये ४ मे रोजी रात्री आठ वाजता दोन मिनिटे सारा देश स्तब्ध होतो आणि दुसऱ्या दिवशी मुक्तिदिन साजरा होतो. इस्रायलमध्येही स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी भोंगे वाजतात आणि हमरस्त्यावरची वाहने थांबवून लोक खाली उतरून उभे राहतात. आनंदाच्या आधी शोक, हा क्रम तेथे जाणीवपूर्वक राखलेला आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड २५ एप्रिल हा गॅलिपोलीच्या अपयशी मोहिमेचा दिवस पाळतात. त्यांचे नागरिक त्या पहाटे तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर जमतात. ज्या देशावर त्यांच्या पूर्वजांनी आक्रमण केले होते, तोच देश त्यांचे आतिथ्य करतो. १९८५ मध्ये तुर्कस्तानने त्या खाडीला अधिकृतपणे ‘अँझॅक’ हे नाव दिले.

यादीत कोण?

पहिल्या महायुद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मृत्यू पावले. साम्राज्यातील युद्धमृतांच्या कबरींसाठी १९१७ मध्ये एक आयोग स्थापन झाला. हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून भेद न करता प्रत्येक मृताचे नावानिशी स्मरण व्हावे, हे त्याचे घोषित तत्त्व होते. फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथे १९२७ मध्ये उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची व इतर सेवकांची नावे कोरलेली आहेत. मेसोपोटेमियात मात्र वेगळेच घडले. बसरा येथील स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे आली आणि सामान्य हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. १९१६ मध्ये कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. कोकणातील आणि देशावरील कितीतरी घरांतील मुले तिकडे गेली आणि परतली नाहीत. युरोपात पडलेल्या शिपायाला नाव लाभले, इराकमध्ये पडलेला त्याचाच भाऊबंद एक आकडा ठरला.

या आयोगाने नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आशिया आणि आफ्रिकेतील ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, तर किमान १ लाख १६ हजार जणांचे स्मरण नावानिशी झालेच नाही, असे त्यात नमूद आहे. आयोगाने त्याबद्दल क्षमायाचना केली. या आयोगाचा खर्च सहा देश कबरींच्या संख्येच्या प्रमाणात वाटून घेतात आणि त्यांत भारतही आहे. भारताचा वाटा सुमारे एक टक्का आहे. खर्चाचा वाटा ठरविणारे माप कबरी हे असल्याने, ज्यांची नोंदच झाली नाही ते या हिशेबातही उतरत नाहीत.

मुंबईच्या मशीद बंदर भागातील खलाश्यांच्या निवासगृहात असेच एक फारसे ज्ञात नसलेले स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाश्यांचे स्मरण तेथे केलेले आहे. समुद्रावाचून ज्यांना कबर नाही, त्यांच्यासाठी शहरातील हा एवढाच दगड.

याउलट फ्रान्समध्ये नोत्र दाम द लोरेत येथे २०१४ साली उघडलेले वर्तुळाकार स्मारक पाहावे. त्या प्रदेशात पडलेल्या सुमारे ५ लाख ८० हजार सैनिकांची नावे तेथे केवळ वर्णानुक्रमाने लिहिलेली आहेत. हुद्दा नाही, राष्ट्रीयत्व नाही. जर्मन, फ्रेंच, ब्रिटिश आणि हिंदी सैनिक एकाच ओळीत आहेत. शत्रूलाही यादीत घेता येते, कारण आपला कोणीही यादीबाहेर राहिलेला नाही, असा विश्वास तेथील समाजाला आलेला आहे. लखनौमध्ये २००७ साली नेमका याच विश्वासाचा अभाव होता. आपल्या देशात असा विश्वास निर्माणच होऊ शकत नाही असे मात्र नाही. मणिपूरमधील लाल टेकडीवर १९९४ पासून जपानने उभारलेले शांतिस्मारक आहे आणि १९४४ च्या मोहिमेतील जपानी मृतांचे नातलग तेथे येऊन शांतपणे प्रार्थना करतात.

वीरगळ ते बालपरवेशी

मृत वीराचे स्मरण ही महाराष्ट्राला बाहेरून शिकावी लागलेली गोष्ट नाही. गावोगावच्या देवळांजवळ उभे असलेले वीरगळ त्याची साक्ष देतात. खालच्या चौकटीत लढाई आणि मृत्यू, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण, वरच्या चौकटीत शिवपूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असा त्यांचा सर्वसाधारण क्रम असतो. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर तर आरमारी लढाई कोरलेली आहे. परंतु बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. वीर कोण होता, हे गावाला ठाऊक होते, तोवर दगड बोलका होता. ती पिढी गेल्यानंतर तो मुका झाला.

मराठी राज्याच्या कारभारात मृताच्या कुटुंबाचीही सोय होती. लढाईत कामी आलेल्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी ‘बालपरवेशी’ दिली जाई. रोख नेमणूक, जमीन किंवा मुलाला वडिलांच्या जागी चाकरी, अशी या साहाय्याची रूपे होती. मृताचा सन्मान आणि त्याच्या घराचा चरितार्थ या दोन गोष्टी त्या व्यवस्थेने वेगळ्या मानल्या नाहीत.

नाव कोरण्याचे महत्त्व भीमा कोरेगावच्या स्तंभावरून कळते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने आपल्या विजयाची खूण म्हणून तो उभारला. मात्र त्यावर सामान्य शिपायांची नावेही आली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि त्या नावांना स्वाभिमानाचा नवा अर्थ प्राप्त झाला. स्मारक उभारणाऱ्याचा हेतू काळाच्या ओघात मागे पडू शकतो. कोरलेले नाव मात्र वंशजांना शंभर वर्षांनंतरही वाचता येते. सातारा, रत्नागिरी आणि इतर जिल्ह्यांतील अनेक गावांत पहिल्या महायुद्धानंतर बसविलेल्या शिळा आहेत. गावातून किती जण युद्धावर गेले आणि त्यांपैकी किती परतले नाहीत, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. गावाने दिलेले मनुष्यबळ त्यावरून कळते, माणसे कळत नाहीत.

स्वतंत्र भारताची व्यवस्था

स्वतंत्र भारताने युद्धमृतांसाठी एकच दिवस ठरविलेला नाही. ३० जानेवारी हा महात्मा गांधींच्या बलिदानाचा दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो आणि सकाळी ११ वाजता दोन मिनिटे स्तब्धता असते. १६ डिसेंबर हा १९७१ च्या युद्धाचा, तर २६ जुलै हा १९९९ च्या कारगिल युद्धाचा विजय दिवस आहे. संरक्षणमंत्र्यांच्या समितीने १९४९ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांची छोटी निशाणे देऊन त्या दिवशी निधी गोळा केला जातो. युद्धविधवा, अपंग सैनिक, माजी सैनिक आणि त्यांची मुले यांच्या साहाय्यासाठी तो वापरला जातो. महाराष्ट्रात हे काम सैनिक कल्याण विभाग आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत चालते.

नावांच्या बाबतीतही प्रगती झाली आहे. नवी दिल्लीतील इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत, पण ती १९४७ पूर्वीच्या लढायांतील आहेत. १९७२ मध्ये तेथे अमर जवान ज्योती प्रज्वलित झाली. स्वातंत्र्योत्तर काळातील मृतांसाठी नावानिशी राष्ट्रीय स्मारक होण्यास मात्र २५ फेब्रुवारी २०१९ हा दिवस उजाडावा लागला. उद्घाटनाच्या वेळी राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या भिंतींवर सुमारे २६ हजार नावे होती. २०२२ मध्ये अमर जवान ज्योती तेथील ज्योतीत विलीन करण्यात आली. त्यापूर्वी, १९९८ मध्ये पुण्यात दक्षिण विभागाचे युद्ध स्मारक उभे राहिले होते.

कारगिल युद्धापासून हुतात्म्यांचे पार्थिव त्यांच्या गावी पोहोचविण्याची पद्धत रूढ झाली आणि स्मरणाचे केंद्र छावणीतून गावात आले. मोठ्या जनसमुदायाच्या साक्षीने अंत्यसंस्कार होतात. प्रश्न उरतो तो त्यानंतरच्या दिवसांचा. युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या पत्नीला त्याच्या अखेरच्या वेतनाइतके उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. परंतु कागदपत्रांची पूर्तता, वारसनोंद, सासर-माहेरमधील आर्थिक ताण आणि मुलांचे शिक्षण यांतून वीरपत्नीला वाट काढावी लागते. स्मरणदिनी तिचा सत्कार करणाऱ्या गावाने तिचा अर्ज कोठे अडला आहे याची चौकशी केली, तर त्या सत्काराला अर्थ येईल.

काय करता येईल?

वरील विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. स्मरणदिनाची तारीख आणि विधी प्रत्येक समाज आपापल्या इतिहासातून घडवितो, त्यांचे अनुकरण करण्याची गरज नाही. नावांची पूर्ण यादी आणि कुटुंबाप्रती असलेले दायित्व या दोन कसोट्या मात्र सर्वत्र सारख्याच लागू पडतात.

पहिल्या कसोटीसाठी फार मोठा खर्च लागत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये १८५७ ते १९४७ या काळातील हुतात्म्यांचा पाच खंडांचा कोश प्रसिद्ध केला असून त्यात सुमारे साडेतेरा हजार नावे आहेत. याला स्थानिक संशोधनाची जोड हवी. ज्या गावांत १९१४-१९ च्या शिळा आहेत, तेथील ग्रामसभेने आकड्यांमागील नावे शोधण्याचे काम शाळेतील शिक्षक आणि विद्यार्थी यांच्याकडे सोपवावे. पलटणींची दप्तरे, युद्धकबर आयोगाच्या नोंदी आणि घराघरांतील पदके व कागद यांतून बरीच नावे मिळू शकतील. दुसऱ्या कसोटीसाठी ७ डिसेंबर हा दिवस हाताशी आहेच. निशाण विकत घेण्याबरोबरच, आपल्या तालुक्यातील प्रत्येक युद्धविधवेचे निवृत्तिवेतन, मुलांची शिष्यवृत्ती आणि जमिनीची वारसनोंद यांचा आढावा त्या दिवशी ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात घेतला जावा.

आलमबागेच्या परिसरात आणि सिकंदरबागेत पडलेल्या सर्वांची नावे आता कदाचित कधीच मिळणार नाहीत. पण त्यांच्यानंतर पडलेल्यांच्या बाबतीत तोच अन्याय पुन्हा घडू न देणे आपल्या हाती आहे. दोन मिनिटांची स्तब्धता संपल्यावर उघडावयाची वही ही नावांची आणि देण्याघेण्याची असली पाहिजे.